कंसातली माणसं

"मग ते 'डॉक्टर' तिच्या नावापुढे आपल्या पायांनी चालत आलं का?" सिस्टरनी विचारलं.

"मीच लावलं. नाही कोण म्हणतंय?" तपासनीस म्हणाले. "मी एवढंच विचारतोय, बाकीच्यांचं काढलं कुणी?"

"बाकीच्यांना लावलंच नव्हतं, तर काढू कुठून?"

"मी लावलं होतं."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. त्याच्या आधीच्याही आठवड्यात. मी दुपारी बसून लावायचं आणि तू संध्याकाळी आल्याआल्या काढायचं. मी काही बोललो नाही. म्हटलं, तिचा प्रबंध आहे, तिला नसेल आवडत. पण मग एकीचं ठेवायचं आणि दुसरीचं काढायचं, हा कुठला न्याय?"

"अहो, मी दिवसभर कॉलेजात पोरींना सुई कशी टोचायची ते शिकवते, आणि घरी येऊन लोकांच्या नावापुढची डॉक्टरकी काढत बसते, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मला काहीच म्हणायचं नाही. दिसतं ते सांगतोय."

सोफ्यावर अक्का मटार सोलत बसल्या होत्या. अक्का म्हणजे तपासनिसांची थोरली बहीण, सिस्टरची नणंद. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून राहायला आल्या, गुडघा बरा झाला, आणि मग जायचा विषय कुणी काढला नाही.

"भांडा, भांडा," अक्का म्हणाल्या. "फक्त टीव्हीच्या पुढून जरा सरकून भांडा."

दोघं सरकले. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या मध्ये सिस्टरच्या प्रबंधाचा खर्डा पडला होता. मार्गदर्शक मॅडमनी तो आदल्या दिवशी परत पाठवला होता आणि चाळिसाव्या पानाच्या समासात लिहिलं होतं, 'हा प्रबंध एकाच व्यक्तीने लिहिला आहे ना?' खाली दोन रेघा.

मॅडमचं चुकलं नव्हतं. एका ओळीत कंसात नुसतं आडनाव आणि साल, म्हणजे विद्यापीठाला हवं तसं. आणि लगेच खालच्या ओळीत कंसात आधी डॉ., मग नाव, मग मधलं नाव, मग आडनाव, मग साल. पहिल्या ओळीतली बाई रस्त्यात भेटल्यासारखी वाटत होती आणि दुसरीतली व्यासपीठावर बसल्यासारखी. दोघी एकाच इस्पितळात काम करत होत्या, हे पुढे परिशिष्टात आलं होतं.

"महिनाअखेर आहे," सिस्टर म्हणाल्या. "मुदतवाढ मिळायची तेवढी मिळून झाली. आता नाही दिला तर नोंदणी रद्द. इतकी वर्षं घातलीत मी यात. रद्द म्हणजे रद्द, कळतंय का तुम्हाला?"

"मला कळतंय. तुझ्या त्या कंसांना कळत नाहीये."

*

तपासनीस जन्मभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी मजकूर वाचायचा आणि चुका काढायच्या, हे काम. 'तपासनीस' हे नाव तिथल्या लोकांनी पाठीमागे ठेवलेलं. पुढे ते तोंडावर म्हणायला लागले, मग शेजारीही म्हणायला लागले, आणि त्यांनी हरकत घेतली नाही, कारण त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. ते समोर येईल ते वाचत आणि वाचतील ते दुरुस्त करत. औषधाच्या खोक्यातला कागद, बँकेची माहितीपत्रकं, दुसऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र. इमारतीच्या जिन्यात लावलेल्या सूचनेवर लाल पेन्सिलीच्या खुणा दिसल्या की वरच्या मजल्यावरची माणसं म्हणत, "तपासनिसांनी पाहिलेली दिसते. म्हणजे खरी आहे."

सिस्टरशी त्यांची ओळखसुद्धा चुकीतूनच झाली. सिस्टर तेव्हा नर्सिंगच्या शाळेत नुकत्या लागल्या होत्या आणि शाळेचा वार्षिक अहवाल छापायला द्यायचं काम नव्या माणसाच्या गळ्यात पडतं तसं त्यांच्या गळ्यात पडलं होतं. तपासनिसांनी अहवाल वाचून निरोप पाठवला, की आपल्या अहवालात एकच रुग्ण आधी एका पानावर आणि मग दुसऱ्या पानावर असा दोनदा वारला आहे. नेमका कधी ते कळवावे. सिस्टर कळवायला स्वतः गेल्या. मग पुढच्या वर्षीचा अहवालही त्यांनीच घेतला, कुणी सांगितलं नसताना.

छापखान्याची एक रीत होती. शेवटच्या प्रुफावर मुद्रितशोधकाने 'छापा' असं लिहून सही केल्याशिवाय यंत्र सुरू व्हायचं नाही. तपासनिसांकडून हा शब्द निघायला फार वेळ लागे. लेखक बाहेर बाकावर येऊन बसत, मालक आत येऊन घसा खाकरत, आणि तपासनीस म्हणत, "अजून एकदा वाचतो." स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्यांनी इतकी तपासली, की काही पाहुण्यांना ती लग्न झाल्यावर मिळाली. पत्रिकेत एकही चूक नव्हती, हे मात्र त्या पाहुण्यांनीही मान्य केलं.

एवढ्या पुस्तकांत त्यांचं नाव कुठे नाही. लेखकाचं असतं, प्रकाशकाचं असतं, मुखपृष्ठ काढणाऱ्याचं असतं. एका प्रस्तावनेच्या शेवटी फक्त 'छापखान्यातील मंडळी व इतर यांचे आभार' असं आलं होतं. ते पान त्यांनी लेकीला दाखवलं होतं.

"यातले इतर म्हणजे मी," ते म्हणाले होते.

लेक तेव्हा शाळेत होती. तिने विचारलं, "मग मंडळी कोण?"

त्यांनी पुस्तक मिटून कपाटात ठेवलं.

*

ते निवृत्त झाले आणि सिस्टरचा प्रबंध साधारण त्याच सुमारास लिहिण्याच्या टप्प्यावर आला. विषय असा, की इस्पितळात रात्री रुग्णाची झोप कोण मोडतं. बरीच वर्षं निरीक्षण करून सिस्टरनी निष्कर्ष काढला होता की नर्स मोडते. हे त्यांना पहिल्या रात्रपाळीपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि जगात आणखी कुणाकुणाला माहीत आहे ते कंसात देऊन सांगणं वेगळं.

हे कंस सांभाळायला लेकीने त्यांच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घालून दिलं. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायची. सुट्टीला आली होती.

"हे बघ आई. तू वाचलेले सगळे लेख, पुस्तकं इथे या संग्रहात राहणार. लेखक कोण, साल कुठलं, सगळं. आता तू तिकडे लिहिते आहेस ना, तिथे संदर्भ हवा की हे बटण दाबायचं. पट्टी उघडते. त्यात आडनाव टाईप कर. आलं ना? एंटर."

कंस आला. कंसात आडनाव आणि साल येऊन बसलं.

"आणि शेवटची संदर्भसूची?"

"ती हे सॉफ्टवेअर स्वतः करतं. तू वरती एक संदर्भ घातलास की खाली यादीत नाव येतं. काढलास की जातं. विद्यापीठाने उद्या पद्धत बदलली तर इथून पद्धत निवडायची, सगळे कंस एका दमात बदलतात."

सिस्टरनी पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. पुन्हा एक कंस येऊन बसला. न बोलावता पाणी आणून द्यावं तसं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच आणखी एकदा बटण दाबलं.

"हाक मारली की येतो होय?" अक्का म्हणाल्या. "मग तुझ्या बापापेक्षा बरा."

पुढे एकदा भाजी चिरताना सिस्टर सहज बोलून गेल्या, "अहो, घरी असता तर भाषा जरा बघा ना माझी." हे वाक्य त्यांना नंतर अनेकदा आठवलं.

तपासनीस दुसऱ्या दिवसापासून दुपारी लॅपटॉपपुढे बसायला लागले. भाषेचं काही फारसं निघालं नाही. सिस्टर नीट लिहायच्या. पण कंस पाहून ते अस्वस्थ झाले. माणसाने आयुष्यभर रुग्णांच्या झोपेचा अभ्यास करावा आणि त्याचं नुसतं आडनाव टाकून पुढे जावं, ही काय रीत झाली? छापखान्यात असं कुणी केलं असतं तर मालकाने लेखकाची माफी मागितली असती. आणि लेखक तिघांच्या वर गेले की पहिल्याचं आडनाव देऊन पुढे 'व इतर'. हे वाचून तर ते उठून खिडकीपाशी जाऊन आले.

मग त्यांनी संग्रहातून, इंटरनेटवरून एकेकाचं पूर्ण नाव शोधलं, शिक्षण शोधलं, आणि कंसात टाईप केलं. इतरांची नावंही घातली. एका कंसात तर सगळी मिळून चार ओळी झाल्या. ते समाधानाने चहा प्यायले.

संध्याकाळी सिस्टर यायच्या, फाइल उघडायच्या, नवा संदर्भ घालायच्या. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तपासनीस पाहायचे तर सगळी माणसं पुन्हा आडनावावर आलेली असायची. ते पुन्हा लावायचे. त्यांना वाटलं, बायको न बोलता आपल्याला काही सांगतेय. काय सांगतेय ते त्यांना कळत होतं: निवृत्त झालात, आता बसा. त्यांनीही न बोलता उत्तर दिलं, म्हणजे रोज पुन्हा डॉक्टर लावले.

चाळिसाव्या पानापर्यंत.

*

लेक रविवारी आली. आईने फोनवर "सॉफ्टवेअर बिघडलंय" म्हणून सांगितलं होतं आणि बाबांनी तोच फोन हातात घेऊन "काही बिघडलेलं नाही, तुझी आई बिघडलीय" म्हणून सांगितलं होतं.

तिने लॅपटॉप उघडला, थोडं वर-खाली केलं आणि एका कंसावर थांबली.

"आई, फाइल उघडून नवा संदर्भ घातलास की ते तुला काही विचारायचं का?"

"विचारायचं ना. रोजचंच. 'हा संदर्भ तुम्ही हाताने बदललेला दिसतो. बदल ठेवायचा का?' मी कुठे बदललाय? मी आपली 'नाही' दाबायची. एवढ्या वेळा विचारायचं की वैताग यायचा."

"प्रत्येक वेळी 'नाही'?"

"मग काय. न केलेला बदल कसा ठेवू?"

"आणि चाळिसाव्या पानावर?"

सिस्टरनी आठवून पाहिलं. "त्या दिवशी गॅसवर दूध होतं. उतू जायला लागलं. तेव्हा बहुतेक 'हो' दाबलं असेन. एक-दोनदा. चार-पाचदा असेल."

लेकीने तोंडावर हात धरला.

"हसू नकोस," आई म्हणाली.

"नाही हसत. बाबा, तुम्ही दुपारी बदलायचात. आई आली की ते तिला विचारायचं, की बाई, हे तू केलंस का? ती म्हणायची, मी नाही. मग ते तुमचं पुसून मूळचं परत आणायचं. जिथे तिने 'हो' म्हटलं तिथे तुमचं राहिलं, आणि आता तिथे ते हातच लावत नाही. रुसल्यासारखं."

"म्हणजे काढत होतं ते मशीन," तपासनीस म्हणाले.

"मशीन. पण विचारून."

"घरात तेवढं तरी कुणी विचारतंय," अक्का म्हणाल्या.

तपासनिसांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला. त्या घरात ही माफी समजली जाते. सिस्टरनी त्यांच्यापुढे सरकवलेला चहा ही ती मिळाल्याची पावती.

"आता ऐका," लेक म्हणाली. "कंसात हात घालायचा नाही. कुणीच नाही. काही चुकलेलं दिसलं तर इकडे संग्रहात येऊन दुरुस्त करायचं. इथे केलं की तिकडे आपोआप होतं."

तपासनिसांनी विचार केला. "म्हणजे छापलेल्या कागदावर खोडायचं नाही. खिळाच बदलायचा."

"कसला खिळा?"

"शिशाचा. अक्षराचा. तुझ्या जन्माआधीचा. कळलं मला." ते पुढे वाकले. संग्रहात प्रत्येक लेखकाच्या नावासाठी दोन रकाने होते, आडनावाचा वेगळा आणि नावाचा वेगळा. "इथे पूर्ण नाव चालतं?"

"चालतं. पूर्णच लिहायचं. बाहेर किती दाखवायचं ते त्याचं ते बघतं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. त्या 'इतरां'चंसुद्धा. ते बाहेर दिसत नाहीत, पण इथे असतात."

तपासनीस बराच वेळ त्या रकान्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली, जशी छापखान्यात ओढायचे.

तो आठवडा घरात शांततेत गेला. संध्याकाळी सिस्टर रुसलेले कंस एकेक करून काढून टाकायच्या, बटण दाबायच्या, आडनाव घालायच्या, एंटर मारायच्या. दुपारी तपासनीस संग्रहात लोकांची नावं पुरी करायचे. जेवताना ते सांगायचे, की तो तिसऱ्या प्रकरणातला माणूस खरं तर माणूस नाही, बाई आहे. आणि त्या पाचव्या प्रकरणातल्या दोघी बहिणी असाव्यात. सिस्टर म्हणायच्या, "हो का?" आणि खरंच ऐकायच्या.

"घरात काही चाललंच नाहीये हल्ली," अक्का कंटाळून म्हणाल्या.

*

प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी सिस्टरनी रजा घेतली. दुपारी फाइल उघडली, सगळे संदर्भ एकदा ताजे करून घ्यायचं बटण दाबलं आणि शेवटच्या सूचीपर्यंत गेल्या. तिथे त्या थांबल्या.

"अहो."

"काय?"

"इकडे या."

आवाज चढलेला नव्हता, म्हणून तपासनीस लगेच आले. सूचीत आडनाव आणि त्यापुढे नावाचं पहिलं अक्षर एवढंच यायला हवं होतं. आडनावं ठीक होती. पुढे मात्र वरून खालपर्यंत, पानामागून पान, प्रत्येकाच्या आडनावापुढे एकच होतं : डॉ., डॉ., डॉ. झोपेवर काम करणाऱ्या साऱ्या जगाचं बारसं एकाच दिवशी झाल्यासारखं.

"नावाच्या रकान्यात तुम्ही नावाआधी काय लिहिलंत?" सिस्टरनी विचारलं. उत्तर समोरच होतं.

"त्याला वेगळा रकाना नाहीये," तपासनीस म्हणाले. "मी पाहिला. नाही. मग तो कुठे लिहायचा माणसाने?"

"कुठेच नाही!"

"अगं, शिकलेत ती माणसं. वर्षानुवर्षं घालवलीत. असं सरळ काढून टाकायचं?"

"मीही घालवलीत," सिस्टर म्हणाल्या. "आणि उद्या दुपारपर्यंत हा प्रबंध दिला नाही, तर मला कधीच कुणी लावणार नाही तुमचं ते डॉक्टर. जगातल्या सगळ्यांना लावून झालं तुमचं. घरातलं एक राहिलं."

अक्कांनी टीव्हीचा आवाज कमी केला. असं त्या सहसा करत नसत.

तपासनीस उभेच होते. जगातल्या इतक्या नावांपुढे त्यांनी ते अक्षर लावलं होतं. पण हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय ते एक नाव घरातच आहे, हे तोवर त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नव्हतं.

"ऊठ," ते म्हणाले. "बसू दे मला."

"तुम्ही?"

"लावलेत मी. काढतो मी."

सिस्टर उठल्या. तपासनीस बसले आणि संग्रहातल्या पहिल्या माणसापासून सुरुवात केली. नाव उघडायचं, पुढचं डॉ. काढायचं, जपून ठेवायचं, पुढचं नाव. प्रत्येक वेळी ते किंचित थांबत, एखाद्याला खुर्चीवरून उठवताना थांबावं तसे. सिस्टर समोर बसून तांदूळ निवडत होत्या, पण लक्ष तिकडेच होतं. मध्ये त्या एकदाच म्हणाल्या, "त्या दोघी बहिणी राहिल्या का?" आणि ते म्हणाले, "नाही, झाल्या."

दिवेलागणीला सिस्टरनी पुन्हा बटण दाबलं. सूची उघडली. आडनाव, पुढे अक्षर, पुढे साल. सगळी माणसं आपापल्या अक्षरावर आली होती.

शेवटचं एक काम राहिलं होतं. मॅडमनी सांगितलं होतं, की देताना सॉफ्टवेअरशी असलेले दुवे तोडून फाइल द्या. दुवे तोडले की कंस म्हणजे नुसती टाईप केलेली अक्षरं होतात. मग सॉफ्टवेअर काही विचारत नाही, काही पुसत नाही. कुणी हाताने एखादं नाव घातलं तर ते तसंच राहतं. सिस्टरनी दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, दुवे तोडले.

मग त्या उठल्या.

"फाइल उघडी आहे," त्या म्हणाल्या. "मी साडी बदलून येते, मग छपाईच्या दुकानात जाते. तोवर नजर टाकायची तर टाका."

आणि गेल्या. आतून कपाटाचं दार वाजलं.

"उघडी ठेवून गेली?" अक्का हळूच म्हणाल्या. "बरं नाहीये का हिला?"

तपासनीस लॅपटॉपपुढे बसले. पहिलं पान, प्रमाणपत्र, प्रतिज्ञा. मग ऋणनिर्देश. विद्यापीठाच्या नियमाने तो अर्ध्या पानात बसवायचा होता, आणि सिस्टरनी तो बसवला होता. मार्गदर्शक मॅडम, महाविद्यालय, इस्पितळातले रुग्ण, आणि शेवटी एका दमात : 'कुटुंबीय व इतर यांचे आभार.'

त्यांनी कर्सर नेऊन 'इतर' या शब्दाच्या पुढे ठेवला. तो तिथे लुकलुकत राहिला.

"काय रे?" अक्कांनी विचारलं. "काय सापडलं?"

"मी."

अक्का काठी टेकत आल्या, वाकून वाचलं. "यात कुठे आहेस तू? कुटुंबीयांत की इतरांत?"

तपासनिसांनी पुन्हा वाचलं. "दोन्हीकडे धरतात बहुतेक. एकच माणूस दोनदा आलाय."

"मग चूक आहे ती. तूच म्हणतोस ना असं?"

"आहे."

"काढ मग एकीकडचं."

त्यांनी कर्सर तिथून काढला. खाली जात राहिले. चाळिसावं पान आलं. कंसात ती बाई नुसत्या आडनावानिशी उभी होती. आता काही लिहिलं असतं तर राहिलं असतं. पुढच्या पानावर एका वाक्यात पूर्णविराम सुटला होता. त्यांचं बोट आपोआप पूर्णविरामाच्या बटणापर्यंत गेलं, तिथे टेकलं, आणि परत येऊन मांडीवर बसलं. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत नजर टाकली. मग लॅपटॉपचं झाकण दोन्ही हातांनी खाली केलं.

सिस्टर साडीच्या निऱ्या सारख्या करत बाहेर आल्या. खांद्याला पर्स होती. त्यांनी आधी बंद झाकणाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"काय केलंत?"

"काही नाही."

"वाचलंत?"

"वाचलं."

"आणि?"

तपासनीस उठून उभे राहिले. आधी अक्कांकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, आणि छापखान्यात बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा बेताच्या आवाजात म्हणाले, "वाचून झालं. चुका आहेत. छापा."